बलसारांचा फारोख

रॉक संगीत म्हणजे गोंगाट, हे मत आपल्या घरांतून, वर्गांतून आणि क्वचित प्राध्यापकांच्या खोलीतूनही इतके पक्के झालेले आहे की त्याविरुद्ध बोलण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. त्यातही ‘हेवी मेटल’ म्हटले की संपलेच! जड धातूचे संगीत. नावातच घणाचे घाव ऐकू येतात. हा प्रकार इंग्लंडात १९७० च्या आसपास रूढ झाला तो बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरांतून. ब्लॅक सॅबथ या वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके तुटली होती. त्या तुटक्या बोटांना टोपणे बसवून, तारा सैल करून तो वाजवू लागला आणि त्यातून जो खर्जातला, जडशीळ नाद निघाला त्यावर पुढे एक संप्रदायच उभा राहिला. लेड झेपेलिन, डीप पर्पल ही त्याच काळातील दुसरी नावे.

पण मला लिहायचे आहे ते या मंडळींच्या पाठोपाठ आलेल्या आणि त्यांच्याच शाळेत सुरुवातीचे धडे गिरवलेल्या ‘क्वीन’ या वृंदाच्या गायकाविषयी. क्वीनला निव्वळ हेवी मेटल म्हणावे की नाही, यावर जाणकारांत वाद आहेत आणि ते बरोबरही आहेत. कारण या चौघांनी एका प्रकारात स्वतःला कधी बांधून घेतलेच नाही. तरीही १९७३ व १९७४ सालच्या त्यांच्या पहिल्या तबकड्या ऐकाव्यात. १९७४ मधले ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ हे गीत इतके वेगवान आणि इतके कठोर आहे की सोळा वर्षांनी मेटॅलिका या अमेरिकन वृंदाने ते पुन्हा गायले आणि त्यांना त्यासाठी १९९१ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या गायकाचे नाव फ्रेडी मर्क्युरी. निदान जगाला माहीत असलेले नाव तरी हेच.

त्याचे खरे नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांजिबार बेटावर. वडील बोमी बलसारा हे तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. आईचे नाव जेर. घराणे पारशी, मूळचे गुजरातेतील बलसारचे. त्यालाच आपण आज वलसाड म्हणतो, आणि आडनावही त्या गावावरूनच पडलेले. झांजिबार त्या वेळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. लवंगांचा व्यापार, अरब सुलतान, भारतीय दुकानदार, इंग्रज अधिकारी आणि मूळचे आफ्रिकी रहिवासी अशी ती सगळी सरमिसळ. त्यात रोखपालाचे घर म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून त्या आईबापांनी आठ वर्षांच्या फारोखला समुद्रापार पाठवले. कोठे, तर आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला!

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला आपण किती वेळा जातो. टेबललँडवर घोडे पाहायचे, कणीस खायचे, परतताना जॅमची बाटली घ्यायची आणि संध्याकाळच्या एस.टी.ने खाली उतरायचे. रस्त्याच्या कडेच्या सिल्व्हर ओकच्या रांगांमागे ज्या जुन्या निवासी शाळा आहेत त्यांच्याकडे आपण बाहेरूनच पाहतो. त्यांपैकी सेंट पीटर्स या शाळेत हा मुलगा १९५५ च्या सुमारास दाखल झाला आणि १९६३ पर्यंत, म्हणजे आयुष्यातली सर्वांत कोवळी आठ वर्षे, याच डोंगरावर राहिला. झांजिबार इतके लांब की सगळ्याच सुट्ट्यांना घरी जाणे शक्य नसे. मग मुंबईला आजी आणि मावशी-आत्यांकडे सुट्टी काढायची. वसतिगृहात राहिलेल्यांना निराळे सांगायला नको. सुट्टी लागते, सगळ्यांच्या ट्रंका निघतात, आणि आपल्याला न्यायला येणारे माणूस हे आपल्या घरचे असूनही आपले घर नव्हे, हे आठव्या-नवव्या वर्षी कळणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

शाळेत तो टेबल टेनिसमध्ये चमकला, मुष्टियुद्धही खेळला, नाटकांत उभा राहिला, गायनवृंदात गायला. पियानो तो रीतसर शिकला. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जादा होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुलांनी लगेच ‘बकी’ असे नाव ठेवले. शाळा कोठलीही असो, पाचगणीची काय किंवा आपल्या झेड्.पी.ची काय, या बाबतीत मुले सारखीच. मोठेपणी पैशांची रास लागल्यावरही त्याने ते दात काढून घेतले नाहीत; काढले तर आवाज बदलेल अशी त्याला धास्ती होती. बोलताना-हसताना मात्र तो वरच्या ओठाने किंवा हाताने दात झाकीत असे. जुन्या मुलाखतींच्या चित्रफितींत ही लकब स्पष्ट दिसते, आणि मला तर दर वेळी तो पाचगणीचा मुलगाच तेथे बसलेला दिसतो.

याच शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘हेक्टिक्स’ नावाचा एक वृंद काढला. शाळेच्या समारंभात, आसपासच्या मुलींच्या शाळांतील कार्यक्रमांत ते क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवीत. गंमत अशी की या वृंदात फ्रेडी हा मुख्य गायक नव्हता. गाणारा मुलगा दुसराच होता; फ्रेडी मागे पियानोवर. पुढे ज्याचा आवाज ऐकण्यासाठी लाखो लोक मैदाने भरून टाकणार होते तो बाराव्या वर्षी पाचगणीत दुसऱ्याला साथ करीत होता.

१९६३ साली तो झांजिबारला परतला. डिसेंबरमध्ये बेट स्वतंत्र झाले आणि महिन्याभरातच, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे रक्तरंजित क्रांती झाली. सुलतान पळाला, अरबांची व भारतीयांची हजारोंच्या संख्येने कत्तल झाली. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते सामान घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या वस्तीत एका लहानशा घरात राहू लागले. झांजिबारला घरात नोकर होते. येथे आईला दुकानात कामाला जावे लागले. सतरा वर्षांचा फारोख विमानतळावर हमालीची व इतर फुटकळ कामे करीत शिकत होता. आधी आयझलवर्थच्या पॉलिटेक्निकमध्ये आणि नंतर ईलिंगच्या कला महाविद्यालयात. १९६९ मध्ये त्याने तेथून आरेखनाची पदविका घेतली. म्हणजे हा आपल्यासारखाच कला शाखेचा विद्यार्थी, असे म्हणायला हरकत नाही! वर्गात बसून तो जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाची चित्रे काढी आणि खोलीच्या भिंतीवर लावी.

त्याच वर्गात शिकणारा टिम स्टाफेल हा ‘स्माइल’ नावाच्या वृंदात गात असे. गिटारवर ब्रायन मे, ढोलांवर रॉजर टेलर. ब्रायन इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकी शिकत होता; त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरच्या जुन्या चुलाण्यावरची लाकडी फळी तासून स्वतः बनवली होती आणि तीच त्याने जन्मभर वाजवली. रॉजर दंतवैद्यकाचा विद्यार्थी. फ्रेडी त्यांच्या मागे मागे फिरे, सूचना करी, मधल्या काळात आयबेक्स, रेकेज अशा दुसऱ्या वृंदांतून गाई आणि पोटासाठी रॉजरबरोबर केन्झिंग्टन बाजारात जुने कपडे विकण्याचा गाळा चालवी. १९७० मध्ये स्टाफेल बाहेर पडला आणि फ्रेडी आत आला. आल्या आल्या त्याने दोन गोष्टी केल्या. वृंदाचे नाव बदलून ‘क्वीन’ ठेवले आणि स्वतःचे आडनाव बदलून ‘मर्क्युरी’ लावले. मर्क्युरी म्हणजे रोमन देवांचा दूत, आपला बुध ग्रह आणि पाराही. १९७१ मध्ये जॉन डीकन हा चौथा गडी आला. वृंदाचे बोधचिन्हही फ्रेडीनेच काढले. चौघांच्या राशींप्रमाणे दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या, आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी.

आता या नाव बदलण्याविषयी. आपल्याकडचे पुष्कळ लोक, विशेषतः पाचगणीचा उल्लेख निघाला की, किंचित रागाने बोलतात. त्याला आपल्या मातीची लाज वाटत होती, असा त्यांचा आरोप. आपल्या बालपणाविषयी, पारशी असण्याविषयी तो मुलाखतींतून जवळजवळ काहीच बोलला नाही, हे खरे आहे. पण १९७० चे इंग्लंड डोळ्यांसमोर आणावे. दोनच वर्षांपूर्वी ईनक पॉवेल या खासदाराने परदेशांतून येणाऱ्या गौरेतर लोकांविरुद्ध गाजलेले भाषण केले होते. रस्त्यात आशियाई मुलांना मारहाण होत होती. रॉकच्या मंचावर भारतीय वंशाचा गायक कोणी पाहिलेला नव्हता. अशा वेळी फारोख बलसारा या नावाने कोणी त्याची तबकडी काढली असती काय? मला शंका आहे. आमच्याच वसतिगृहात गावाकडची मुले पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत आपली बोली टाकून देतात, आणि घरून फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हळू आवाजात जुन्या बोलीत बोलतात. तिला लाज म्हणायचे की शहाणपण, याचा निवाडा इतक्या झटपट करता येत नाही. फ्रेडीने घर तोडले नाही. तो आईवडिलांना भेटत राहिला, आईच्या हातचे जेवत राहिला. दार त्याने जगासाठी बंद केले होते, घरासाठी नव्हे.

१९७४ मध्ये ‘किलर क्वीन’ या गीताने इंग्लंडच्या यादीत दुसरा क्रमांक मिळवला आणि वृंदाला नाव मिळाले. पण खरी उडी १९७५ ची. ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ या तबकडीतील ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गीत म्हणजे एक विलक्षण प्रकरण आहे. त्याला ध्रुपद नाही. सुरुवातीला निव्वळ आवाजांचा मेळ, मग पियानोवरचे संथ गाणे, मग एकाएकी ऑपेराचा गोंधळ, त्यातून फुटणारा हेवी मेटलचा स्फोट, आणि शेवटी पुन्हा शांतता. हा सगळा आराखडा फ्रेडीच्या डोक्यात होता. ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक मुद्रित केले, सुमारे १८० थर. त्या काळी संगणक नव्हते. चुंबकीय फीत इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओवर साधारण तीन मिनिटांची गाणी वाजत. इतके लांब गाणे कोणी वाजवणार नाही, असे कंपनीच्या लोकांचे म्हणणे पडले. वृंदाने कापायला नकार दिला. केनी एव्हरेट या लंडनच्या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावले आणि सोमवारी दुकानांत लोक तबकडी मागू लागले. ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

या गीताचा अर्थ काय, हे फ्रेडीने कधीच सांगितले नाही. एका तरुणाच्या हातून खून झालेला आहे, तो आईला सांगतो आहे, त्याच्यासाठी कोणी भांडते आहे आणि कोणी त्याला खाली ओढते आहे, एवढे कळते. मध्येच ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. झांजिबारच्या मशिदींजवळ वाढलेल्या मुलाच्या कानात तो असणारच. काही अभ्यासकांना यात त्याच्या आयुष्यातील दुसऱ्या एका द्वंद्वाची कबुली दिसते. मेरी ऑस्टिन हिच्याबरोबर तो अनेक वर्षे राहत होता. १९७६ च्या सुमारास त्याने आपल्याला पुरुषांचे आकर्षण आहे हे तिला सांगितले आणि त्यांचे एकत्र राहणे संपले, मैत्री मात्र मरेपर्यंत संपली नाही. गीताचा अर्थ या घटनेला चिकटवावा असे मला वाटत नाही. कविता ही कवीची दैनंदिनी नसते, हे आपल्याला समीक्षेच्या तासाला शिकवलेले आहेच. २०२३ मध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव लंडनला झाला तेव्हा या गीताचा हस्तलिखित खर्डा बाहेर आला. एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर लिहिलेला. वर आधी ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे लिहून खोडलेले!

पुढच्या दहा वर्षांतील यश मी भराभर सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. १९७७ मधले त्याचे ‘वी आर द चँपियन्स’ आजही क्रिकेटपासून फुटबॉलपर्यंत प्रत्येक अंतिम सामन्यानंतर ऐकू येते. १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात एका रात्री सव्वा लाखाहून अधिक लोक ऐकायला आले. १९८६ मध्ये पोलादी पडद्यापलीकडच्या बुडापेस्टमध्ये त्यांनी मैदान भरवले.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीवर जगभरच्या कलावंतांचा बहिष्कार असताना हे लोक तेथे गेले. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले. आपण राजकारणात पडत नाही, असे त्यांचे समर्थन होते. मला ते पटत नाही. कातडीचा रंग लपवून जगावे लागल्याचा अनुभव ज्याच्या गाठीशी होता त्याला तरी तेथे जाण्याचा अर्थ कळायला हवा होता.

१३ जुलै १९८५. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर भरलेला ‘लाइव्ह एड’ हा जलसा. सुमारे ७२ हजार प्रेक्षक समोर आणि दूरचित्रवाणीवर कोट्यवधी. प्रत्येकाला वीसेक मिनिटे. दिवसाउजेडी, नेहमीची रोषणाई नाही, धूर नाही, स्वतःची ध्वनियंत्रणा नाही. फ्रेडी पांढरी बनियन घालून, हातात ध्वनिक्षेपकाचा तो अर्धा दांडा घेऊन आला. (हा अर्धा दांडाही एका जुन्या कार्यक्रमात अपघाताने मोडला आणि तो त्याने तसाच ठेवून दिला.) गाण्यांच्या मध्ये त्याने नुसत्या स्वरांच्या ताना घेतल्या आणि ते अफाट मैदान त्याच्यामागून त्या म्हणू लागले. मी ही चित्रफीत अनेकदा पाहिली आहे. आपल्याकडे उत्तम कीर्तनकार हे करतात. बुवा एक चरण टाकतात आणि मंडप उचलतो. कोण गातो आणि कोण ऐकतो हा भेद मिटतो. फ्रेडीचे हे सामर्थ्य गळ्याइतकेच नजरेचे होते. सर्वांत मागच्या रांगेतल्या माणसालाही तो आपल्याकडेच पाहतो आहे असे वाटे.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे लाखाहून अधिक लोकांसमोर वृंदाचा कार्यक्रम झाला. फ्रेडीचा क्वीनबरोबरचा तो शेवटचा ठरला. १९८७ मध्ये त्याला एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे निदान झाले. त्या काळी या रोगाचे निदान म्हणजे मृत्युपत्रच. परिणामकारक संयुक्त औषधोपचार उपलब्ध झाला तो १९९६ मध्ये. त्याने हे आपल्या अगदी जवळच्यांनाच सांगितले. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दारात तळ ठोकून बसले, त्याच्या गालफडांची चित्रे छापू लागले. तो नाकारीत राहिला. काहींनी नंतर त्याला यासाठी दोष दिला. आधी बोलला असता तर हजारो रुग्णांना धीर मिळाला असता, असे त्यांचे म्हणणे. म्हणण्यात तथ्य आहे. पण मरणाऱ्या माणसाकडून आपण किती मागायचे, यालाही मर्यादा असावी असे मला वाटते. ज्या देशात त्या रोग्यांशी हस्तांदोलन करायलाही लोक भीत होते, तेथे त्याला दया नको होती, काम हवे होते.

आणि काम त्याने केले. स्पॅनिश ऑपेरागायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर ‘बार्सिलोना’ ही तबकडी १९८८ मध्ये पूर्ण केली. ईलिंगच्या त्या विद्यार्थ्याचा आवाज जगातल्या एका श्रेष्ठ शास्त्रीय आवाजाशेजारी निर्भयपणे उभा राहतो. वृंदानेही ठरवले की यापुढे गीत कोणी लिहिले याचा वाद नको. सर्व गीते चौघांच्या नावावर. ‘द शो मस्ट गो ऑन’ या गीताची चाल इतक्या वरच्या पट्टीत होती की याला हे झेपेल की नाही, असे ब्रायनला वाटत होते. फ्रेडीला तेव्हा धड चालवतही नव्हते. त्याने व्होडकाचा एक घोट घेतला आणि गाणे गाऊन टाकले. ते ऐकताना त्यात आजारी माणूस कोठेही सापडत नाही. मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रे येथे सरोवराकाठच्या ध्वनिमुद्रणगृहात तो ‘मदर लव्ह’ हे गीत गात होता. शेवटच्या कडव्यापाशी थकला; विश्रांती घेऊन मग येतो, असे म्हणून गेला. तो परत आला नाही. १९९५ मध्ये ती तबकडी निघाली तेव्हा ते शेवटचे कडवे ब्रायनने गायले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आपला आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला संध्याकाळी, केन्झिंग्टनमधील आपल्या घरी तो वारला. वय ४५. ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा विक्रीला आले, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे दहा लाख पौंडांहून अधिक उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाले. एप्रिल १९९२ मध्ये वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला तेव्हा ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ गायला मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड उभा राहिला आणि त्याच्या शेजारी गिटार घेऊन, बोटांना टोपणे लावलेला तो बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी.

अंत्यसंस्कार केन्सल ग्रीनच्या दहनभूमीत २७ नोव्हेंबरला झाले होते. मोजकीच मंडळी होती. पारशी दस्तुरांनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या. वडिलांच्या आणि आईच्या समोर तो बलसारांचा फारोख म्हणूनच गेला. अस्थी मेरी ऑस्टिनने त्याच्या इच्छेप्रमाणे कोठेतरी ठेवल्या; कोठे ते तिने कोणालाही सांगितलेले नाही. पुढे २०१३ मध्ये केन्सल ग्रीन येथे एका चौथऱ्यावर लहानशी पाटी लोकांना दिसली. तीवर फ्रेडी मर्क्युरी हे नाव नव्हते. फारोख बलसारा, आणि खाली जन्माची व मृत्यूची तारीख. बातमी फुटली, चाहते गोळा होऊ लागले, आणि थोड्याच दिवसांत ती पाटी तेथून काढून टाकण्यात आली.